लाइनवर माणूस असेपर्यंत

मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. आमचं उपकेंद्र नागपुरात, धंतोलीला लागून. कोराडीच्या वीज केंद्रातून निघालेली वीज टप्प्याटप्प्यानं उतरत आमच्याकडे तेहेतीस हजार व्होल्टनं येते, अकरा हजारांची होते आणि वेगवेगळ्या लाइनींमधून वस्त्यांमध्ये जाते. या लाइनींना आम्ही फीडर म्हणतो. त्यातल्या एका फीडरवर घरांपेक्षा दवाखानेच जास्त. विदर्भातून कुठून कुठून माणसं तिथं येतात. गडचिरोलीचं एखादं कुटुंब पिशवीत भाकरी बांधून फुटपाथवर बसलेलं असतं आणि आत त्यांचं माणूस मशीनवर असतं. त्या फीडरची वीज गेली की दोन मिनिटांत आमचा फोन वाजायला लागतो.

माझ्या कामातला सगळ्यात मोठा भाग म्हणजे लाइन क्लियर. कुठल्याही खांबावर दुरुस्तीसाठी माणूस चढायचा असेल तर आधी मी ती लाइन बंद करायची, कुलूप लावायचं, ‘माणसं काम करीत आहेत’ अशी पाटी अडकवायची आणि मग त्या लाइनमनला फोनवर एक नंबर द्यायचा. तो नंबर त्यानं स्वतः परत करेपर्यंत लाइन चालू करायची नाही. कुणाचाही फोन आला तरी नाही. म्हणजे माझ्या सहीवर माणूस वर चढतो आणि माझ्या सहीवरच खाली उतरतो.

ज्या लाइनमनबद्दल मी लिहिते आहे तो कंत्राटी होता. बारा-तेरा वर्षं आमच्याच उपकेंद्राच्या भागात काम करायचा, पण कागदावर तो आमचा नव्हता, ठेकेदाराचा होता. उत्तर नागपुरातला, बौद्ध कुटुंबातला. वयानं माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायची आणि तो मला मॅडम. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गर्दी लोटते तेव्हा त्या बाजूच्या खांबांची ड्यूटी तो मागून घ्यायचा. एकदा मी म्हटलं, “दादा, सणाच्या दिवशी तरी सुट्टी घ्या.” तर म्हणाला, “बाकीचे दर्शनाले येतात मॅडम, मी लाइट द्याले येतो. दोन्ही एकच झालं.”

अतिशय सावकाश माणूस. त्याच्या सावकाशपणाला त्याचे सोबती हसायचे. खांबाजवळ गेला की आधी चारही बाजूंनी फिरून बघायचा, पट्टा दोनदा ओढून बघायचा. मग मला फोन. “मॅडम, चढून राहिलो.” काम झालं की “उतरलो.” मधे एक शब्द नाही.

ती मे महिन्यातली दुपार होती. साडेतीनच्या सुमाराला आकाश एकदम मातकट झालं आणि वादळ आलं. पाऊस नव्हताच, नुसता वारा आणि धूळ. दहा मिनिटांत माझ्या पॅनेलवरचे चार फीडर गेले. तीन मी एकेक करून चालू केले. दवाखान्यांचा फीडर मात्र टिकेना, लावला की उडायचा. कडुनिंबाची मोठी फांदी तारांवर पडली होती.

पुढचा पाऊण तास फोन थांबला नाही. एका दवाखान्यातून एक डॉक्टर बोलत होता. त्यांचं जनरेटर सुरू होत नव्हतं, एका पेशंटला हातानं फुगा दाबून श्वास देणं चाललं होतं. तो ओरडत नव्हता. अगदी हळू आवाजात विचारत होता, “मॅडम, किती वेळ? खरं सांगा, किती वेळ?” त्याचा फोन ठेवला की आमच्या साहेबांचा. साहेब दर पाच मिनिटांनी, “अजून लाइन क्लियर दिली नाही?”

दादा उपकेंद्रातच आला होता. त्याचा एक जोडीदार गाडीजवळ उभा होता. दादानं मला विचारलं, “मॅडम, रॉड कुठं आहे?”

हा रॉड म्हणजे लांब काठीला बांधलेली जाड तार. काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना ती लाइनीला अडकवायची आणि दुसरं टोक जमिनीत. म्हणजे चुकून कुठून वीज आलीच तर ती माणसातून न जाता जमिनीत जाते. आमच्याकडे असे दोन संच होते. एक दुसरी गँग घेऊन गेली होती. दुसऱ्याचा वरचा चिमटा तुटलेला होता. नवा मागून तीन महिने झाले होते, आला नव्हता.

“एक गेला दुसऱ्या गँगसोबत,” मी म्हटलं. “दुसऱ्याचा क्लॅम्प तुटलेला आहे.”

“मंग कसं करू?”

“ब्रेकर मी स्वतः काढलाय दादा. चावी माझ्याकडे आहे. दवाखान्यातून फोनवर फोन येऊन राहिले. एक फांदीच तर काढायची आहे.”

त्यानं तुटका चिमटा हातात घेऊन बघितला. मग म्हणाला, “तुमी म्हणता तं चढतो.”

वीस मिनिटांनी त्याचा फोन आला, “चढून राहिलो.” मी घड्याळ बघून वेळ लिहिली.

त्यानंतरचा फोन त्याच्या जोडीदाराचा होता. त्याला नीट बोलता येत नव्हतं. मी आधी पॅनेलकडे बघितलं. ब्रेकर उघडाच होता, म्हणजे लाइन बंद; कुलूप लागलेलं, पाटी लटकलेली. माझ्याकडून वीज गेलीच नव्हती. ती दुसरीकडून आली होती. त्याच गल्लीतल्या एका इमारतीत वीज गेल्यावर भाड्याचं जनरेटर आणून थेट मीटरला जोडलं होतं. मधे जो बदलाचा स्विच लागतो तो त्यांनी लावलाच नव्हता. जनरेटरची वीज उलटी डीपीत, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरली आणि डीपीनं तिला पुन्हा अकरा हजारांची केली. आम्ही याला रिटर्न सप्लाय म्हणतो. प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. रॉड लावलेला असता तर ते जनरेटर बंद पडलं असतं आणि दादा खाली उतरला असता.

तो पट्ट्यानं खांबाला अडकून राहिला होता. त्याला उतरवायला अर्धा तास लागला. खाली गर्दी जमली होती, लोक मोबाइल वर धरून उभे होते. मी तिथं गेले नाही. ड्यूटी सोडून जाता येत नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंही होतं.

संध्याकाळी साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी साहित्याचं रजिस्टर मागितलं, चाळलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“रॉड दिल्याची नोंद कर.”

“सर, रॉड दिला नव्हता.”

“मला माहीत आहे. नोंद नसेल तर आधी तू जाशील. लाइन क्लियर तुझी आहे. मग मी. मग त्या इमारतीवर कुणी बोट ठेवणार नाही, सगळे आपल्याच मागे लागतील.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “जाणारा गेला. तो काही परत येणार नाही.”

मी त्या दुपारच्या वेळेसमोर लिहिलं, डिस्चार्ज रॉड, एक संच, सुस्थितीत, दिला. त्याच्या सहीच्या जागी साहेबांनी स्वतःच काहीतरी गिरवलं. मी बघत होते. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता, नवऱ्याची शाळा विनाअनुदानित, घर माझ्या नोकरीवर चालायचं. हे सगळं मी स्वतःला तेव्हा सांगितलं आणि पुढेही बरीच वर्षं सांगत राहिले. सांगून सांगून ते खोटं झालं नाही, पण पुरेसंही झालं नाही.

चौकशीचा अहवाल चार पानांचा होता. शेवटी लिहिलं होतं की मृताने उपलब्ध सुरक्षा साधनाचा वापर न केल्यामुळे, म्हणजे स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, अपघात घडला. जनरेटरवाल्या इमारतीबद्दल एक ओळ होती, की संबंधितांना समज देण्यात आली.

तीन आठवड्यांनी त्याची बायको उपकेंद्रात आली. ती गांधीबागेतल्या दुकानांच्या साड्यांना घरी फॉल-पिको करून द्यायची. हातात साड्यांचा गठ्ठा तसाच होता, परतीच्या वाटेवर आली असावी. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या मला विचारलं,

“मॅडम, त्यायनं रॉड काहून नाही लावला?”

मी म्हणाले, “घाईत राहून गेलं असेल.”

तिनं साड्यांचा गठ्ठा दुसऱ्या हातात घेतला. “त्यायले घाई कधीच नव्हती,” म्हणाली आणि निघून गेली.

रजिस्टरमधलं खोटं मी साहेबांच्या सांगण्यावरून लिहिलं. हे मात्र माझं स्वतःचं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. साहेब निवृत्त होऊन दुसऱ्या शहरात मुलाकडे राहायला गेले. उपकेंद्रात नवे रॉड आले, आता सहा संच आहेत. वादळं वाढली. उन्हाळ्यात दर वर्षी ट्रान्सफॉर्मर तापून फुटायला येतात, आम्ही त्यांच्यासमोर कूलर लावून ठेवतो. शिवाय दूर कुठं बसलेला माणूस संगणकावरून आपली वीज बंद करू शकतो ही भीतीही वरपर्यंत पोचली होती. या सगळ्यावर सरकारनं राज्याचं वीजजाळं मजबूत आणि सुरक्षित करण्यासाठी एक कायदा करायचं ठरवलं. त्याचा मसुदा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, आणि त्यासाठी नागपुरातही सुनावणी होणार होती.

ग्रुपवर कुणी तो उघडूनही बघितला नसेल. मी रविवारी स्वयंपाक आवरून वाचायला घेतला. जड भाषा, पण हेतू चांगला होता. महत्त्वाच्या उपकेंद्रांना कुंपण आणि कॅमेरे, संगणक प्रणालीची दर वर्षी तपासणी, वादळासाठी खांबांचा राखीव साठा, दवाखान्यांना दोन बाजूंनी वीज. मी मान डोलावत वाचत होते. मग एक कलम आलं. दवाखाने आणि इतर अत्यावश्यक ग्राहकांचा वीजपुरवठा खंडित झाल्यास तो ठरवून दिलेल्या वेळेच्या आत पूर्ववत करणे बंधनकारक राहील, आणि विलंब झाल्यास त्या वेळी कर्तव्यावर असलेला कर्मचारी व्यक्तिशः जबाबदार धरला जाईल.

मी ते तीनदा वाचलं. त्या दुपारी माझ्या कानाशी दोन फोन वाजत होते. आता तिसरा फोन कायद्याचा असणार होता, आणि तो प्रत्येक उपकेंद्रात, प्रत्येक ऑपरेटरच्या कानाशी वाजणार होता. समोर कुणीतरी विचारणार, रॉड कुठं आहे, आणि ऑपरेटर घड्याळाकडे बघणार. अख्खा मसुदा मी पुन्हा चाळला. जाळं हा शब्द सगळीकडे होता. खांबावर चढणारा माणूस त्यात कुठंच नव्हता.

नवऱ्याला वाचून दाखवलं. मला सुनावणीत बोलायचं आहे, असं मी म्हणाले. तो पेपर तपासत होता.

“बोल ना मग. सूचना दे.”

“नुसती सूचना कोण ऐकणार? काय झालं होतं ते सांगावं लागेल.”

त्यानं पेन खाली ठेवलं. त्याला सगळं माहीत होतं. त्या रात्रीच मी त्याला सांगितलं होतं. “आता काहून उकरून राहिली तू ते? पोरगा इंजिनीअरिंगले आहे. तुझ्या नोकरीचे चार वर्षं राहिले.”

“म्हणूनच,” मी म्हटलं.

पण सुनावणीत सांगायच्या आधी दादाच्या बायकोला सांगणं भाग होतं. मी पत्ता शोधत उत्तर नागपुरात गेले. दोन खोल्यांचं घर, आतल्या खोलीत शिलाई मशीन. दादाची मुलगी आता मोठी झाली होती, एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करत होती. ती दारात उभी राहिली, आई मशीनजवळच्या स्टुलावर. मी खाली चटईवर बसले आणि सगळं सांगितलं. तुटका चिमटा, फोन, मी काय म्हणाले, तो काय म्हणाला, रजिस्टर, सही.

मुलीनं विचारलं, “म्हणजे रजिस्टरमधलं अक्षर तुमचं आहे?”

“हो.”

“आणि अहवालात बाबांची चूक लिहिली ती त्याच्यावरून?”

“हो.”

“माझ्या शाळेतल्या पोरी म्हणायच्या, तुझे बाबा दारू पिऊन चढले असतील.” ती ओरडली नाही. एवढं बोलून आत गेली.

तिची आई स्टुलावरच बसून होती. मशीनवर एक साडी अर्धी शिवलेली होती, तिची कड ती बोटांनी सरळ करत होती.

“मी दहा वर्षं त्यायच्याशी भांडून राहिली,” ती म्हणाली. “मनातल्या मनात. का बा, लेकरू लहान होतं तुमचं, दोन मिनिटं रॉड लावाले काय झालं होतं तुमाले.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमाले सांगून मोकळं वाटून राहिलं असन. आमाले काय वाटाचं?”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “ते राहू द्या.” मी उठले तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, “जा तुमी तिथं. बोला. पण माह्या नवऱ्याचं नाव घेऊन रडू नका.”

सुनावणी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी सभागृहात होती. मी किरकोळ रजा टाकून गेले. उद्योजकांचे प्रतिनिधी होते, छतावर सौर पॅनेल लावून देणारे होते, दवाखान्यांच्या वतीनं एक डॉक्टर होते. प्रत्येकाला तीन मिनिटं. माझा नंबर जेवणानंतर आला. अर्धी माणसं पेंगत होती.

मी कलमाचा क्रमांक सांगितला आणि म्हणाले की मी कर्मचारी म्हणून नाही, जिच्या लाइन क्लियरवर एक माणूस मेला अशी ऑपरेटर म्हणून बोलते आहे. मग सांगितलं. रॉड दिला नव्हता आणि दिल्याची नोंद मी खोटी केली, हेही सांगितलं. मागून कुणीतरी “अरे बाप्पा” म्हणालं. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. त्यांनी मला हात करून थांबवलं.

“ताई, हा विभागीय चौकशीचा विषय आहे. तुम्ही कलमावर या.”

“कलमावरच आहे साहेब. माझी सूचना एवढीच आहे, की लाइनवर माणूस असेपर्यंत हे घड्याळ थांबलेलं असावं. तो उतरला, त्यानं नंबर परत केला, की मग मोजा.”

डॉक्टर उठले. “मॅडमचं दुःख मी समजू शकतो. पण आमच्याकडेही माणूसच असतो. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचं घड्याळ कोण थांबवणार?”

त्यांचं चुकलं नव्हतं. मी फक्त म्हणाले, “त्या दिवशी तुमच्याकडच्या माणसासाठीच तो चढला होता.” दवाखान्यातला तो पेशंट त्या संध्याकाळी वाचला होता. मी नंतर चौकशी केली होती.

“लेखी द्या,” अध्यक्ष म्हणाले. मी लेखी दिलं. वळले तेव्हा शेवटच्या रांगेत दादाची बायको आणि मुलगी बसलेल्या दिसल्या. मी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत त्या उठून गेल्या.

कायदा हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. अधिवेशन नागपुरात असलं की आमची धावपळ असते. महिनाभर आधीपासून सगळ्या लाइनींची तपासणी, विधानभवनाच्या बाजूला तर पान हललं तरी फोन. त्या दिवशी मी ड्यूटीवरच होते. बाहेर कुठल्यातरी मोर्चाच्या घोषणा ऐकू येत होत्या. सभागृहात गोंधळ चालू असताना तीन-चार विधेयकं एकापाठोपाठ संमत झाली, त्यात आमचंही होतं. मी मोबाइलवर अंतिम मजकूर शोधून काढला. बदलाच्या स्विचशिवाय जनरेटर जोडणं आता गुन्हा ठरलं होतं आणि त्याची तपासणी सक्तीची झाली होती. ते खरोखर चांगलं झालं. वेळेचं कलम मात्र तसंच होतं. त्याच्या सुरुवातीला चार शब्द वाढवले होते, ‘सुरक्षाविषयक निकषांचे पालन करून’. माझ्या लेखी सूचनेचं तेवढंच झालं.

मला दोषारोपपत्र मिळालं. शासकीय अभिलेखात खोटी नोंद. साहेबांना पत्र गेलं तेव्हा त्यांनी असं काही आठवत नसल्याचं कळवलं. मी सहा महिने निलंबित होते. मग परत घेतलं, त्याच जागेवर, ताकीद देऊन. या काळात नवरा मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर सोपं गेलं असतं.

दादाच्या मुलीनं माहिती अधिकारात अर्ज केला. वडिलांच्या अपघाताचा अहवाल आता दुरुस्त होणार का, असं विचारलं होतं. उत्तर आलं की सदर प्रकरण निकाली निघालेले असल्याने पुनर्विचाराची तरतूद नाही. तिनं त्या उत्तराचा फोटो मला पाठवला. म्हणजे माझी नोंद खोटी होती हे कागदावर सिद्ध झालं, आणि त्या नोंदीवर उभा असलेला अहवाल तरीही खराच राहिला. दोन्ही कागद एकाच कार्यालयात, बहुतेक एकाच कपाटात असतील.

या वर्षी मे महिन्यात पुन्हा तसंच वादळ आलं. वेळ सकाळी अकराची. तोच फीडर, खांब वेगळा. दोन लाइनमन गेले, दोघांकडे रॉड होते, त्यांनी ते दोन्ही बाजूंना लावले आणि चढले. वरचा इन्सुलेटर फुटला होता, फांदी काढण्याइतकं सोपं काम नव्हतं. आता पॅनेलच्या वर एक पडदा बसवला आहे. वीज गेल्यापासूनची मिनिटं त्यावर दिसतात आणि ठरलेली वेळ संपली की आकडे लाल होतात. ते लाल झाले.

त्याच सुमाराला फाटकाशी एक बाई आली. माझ्याच वयाची, पायात चप्पल नव्हती. पहारेकऱ्यानं तिला आत सोडलं.

“माझ्या वडिलांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय. घरी आहेत ते. सिलिंडर संपत आलाय. दवाखान्यांना दोन लाइनी आहेत, आम्हाला कुठं आहे? लाइन लावून द्या ना.”

“लाइनवर माणसं आहेत ताई. नाही लावता येत.”

“मग त्यांना सांगा ना लवकर उतरा म्हणून!”

माझ्या हातात फोन होता. मी तो खाली ठेवला. “वडिलांना दवाखान्यात हलवा. आत्ताच्या आत्ता. आमची गाडी देते,” मी म्हणाले आणि आमच्या ड्रायव्हरला तिच्यासोबत पाठवलं. ती धावत गेली. त्या दोघांना मी फोन केला नाही. आणखी पस्तीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. नंबर परत झाला, लाइन चालू झाली.

तिचे वडील दवाखान्यात पोचले, पण आठवड्याभरानं गेले. नव्या कायद्याखाली तिनं तक्रार केली. चौकशीच्या खोलीत ती माझ्यासमोर बसली होती. अधिकाऱ्यानं तिला काही विचारायचं आहे का म्हणून विचारलं. तिनं मला विचारलं,

“तुम्ही त्यांना एक फोन केला असता तर काय झालं असतं?”

“कदाचित काहीच झालं नसतं,” मी म्हणाले. “ते दहा मिनिटं आधी उतरले असते.”

“मग का नाही केला?”

अशीच घाई मी एका माणसाला केली होती, आणि तो मेला, हे मला तिला सांगता आलं असतं. तिचे वडील नुकतेच गेले होते. तिनं ते का ऐकावं? मी म्हणाले, “मला करता आला नाही.”

ती रडायला लागली. अधिकाऱ्यानं पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. निर्णय महिन्याभरात आला. विहित वेळेपेक्षा विलंब झाल्याचं सिद्ध होत असून कर्तव्यावरील ऑपरेटर जबाबदार आहे. ‘सुरक्षाविषयक निकष’ म्हणजे नेमके कोणते, हे नियमावलीत अजून ठरायचं असल्यामुळे त्यांचा विचार करता आला नाही, असंही त्यात लिहिलं होतं. माझ्या सेवापुस्तकात ही दुसरी ताकीद.

मी पत्राची पोच लिहून दिली, तारीख घातली. दुसऱ्या दिवशी माझी सकाळची पाळी होती.